मागचे केस

गेल्या महिन्यात कोठीच्या बस-स्टॉपवर एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो स्वतःच एका कॉलेजात शिकवतो आणि डोक्यावरचे निम्मे केस त्यानं त्या कामी खर्ची घातले आहेत. त्यानं वाकून नमस्कार केला, प्रकृतीची चौकशी केली, पेन्शन वेळेवर येते का ते विचारलं, आणि मी बसकडे वळतो न वळतो तोच मागून म्हणाला, "सर, रागावू नका, पण न्हावी बदला. मागे पायऱ्या पडल्यात."

मी रागावलो नाही. "केस मी घरीच कापतो," एवढं सांगून बसमध्ये चढलो. हे उत्तर अर्धंच खरं होतं. बस सुटल्यामुळे उरलेलं अर्धं सांगायचं राहून गेलं. संपादकांनी "काहीतरी हलकंफुलकं द्या" म्हणून गळ घातली आहे, तेव्हा ते इथंच सांगून टाकतो. हलकंफुलकं होईल की नाही, याची हमी मात्र देत नाही.

आपले केस आपण कापणं ही गोष्ट लांबून दिसते तितकी सोपी नाही. पुढच्या केसांचं काही विशेष नाही. दाढी करणारा कोणताही माणूस ते कापू शकतो. कानाजवळच्या कल्ल्यांनाही थोडं धैर्य पुरतं. खरी परीक्षा मागच्या बाजूला. तिथं दुसरा आरसा लागतो, आणि दुसरा आरसा आला की हात वेडा होतो. आरसा डाव्याचं उजवं करतो असं आपण समजतो, पण आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या एका मित्रानं मला समजावलं की आरसा डावं-उजवं मुळीच उलटं करत नाही, तो पुढचं-मागचं उलटं करतो. दोन आरसे समोरासमोर धरले की ते उलटं पुन्हा सुलटं होतं. हाताला मात्र जन्मभर एका आरशाची सवय! म्हणून कात्री पुढे न्यावी म्हटलं की ती मागे येते आणि मानेला टोचते. फिजिक्स समजलं म्हणून केस नीट कापता आले, असं मात्र माझ्या बाबतीत घडलेलं नाही.

अनुभवानं शिकलेल्या दोन-चार गोष्टी आहेत. केस ओले करून कापायचे तर आपल्याला हवेत त्यापेक्षा जरा लांबच ठेवावेत, कारण ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. कात्री आडवी धरू नये. टोक वर करून उभी धरावी आणि थोडं थोडं टिपत जावं, म्हणजे रेघ पडत नाही. विजेचं मशीन असेल तर त्याला लावायच्या कंगव्यावर आकडा असतो; तीन नंबरचा कंगवा साधारण दहा मिलिमीटर केस ठेवतो. आणि तो कंगवा लावला आहे की नाही हे मशीन सुरू करण्यापूर्वी बघावं. हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे त्या चुकीची शिक्षा मी एक महिना भोगली. तरी ती बाजू होती, मागची नव्हती.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचं भाड्याचं घर होतं. मध्ये फरशीचं अंगण, अंगणाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला रायचूरकडचं एक कन्नड कुटुंब. महिन्यातून एका रविवारी सकाळी अंगणाच्या दारात खोकल्याचा आवाज यायचा. तो खोकला ऐकला की आम्ही दोघे भाऊ आणि शेजारची तीन मुलं मिळेल त्या खोलीत पळायचो.

ते 'खलिफा' आले असत. हैदराबादेत केस कापणाऱ्याला, शिंप्याला, एकंदरीत हाताच्या कसबी माणसाला मानानं खलिफा म्हणत. आमचे खलिफा जातीनं मुसलमान नव्हते. घरी तेलुगू बोलत, आमच्याशी दख्खनी. पण खलिफाच. पुढे इतिहासाच्या पुस्तकात बगदादचे खलिफा भेटले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे खाकी अर्धी चड्डी, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणि काखेत धोकटी असलेला सम्राट उभा राहिला आणि तो अजून हललेला नाही. या शहराला खऱ्या खलिफांचं वावडं नव्हतं म्हणा. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची मुलगी दुर्रुशहवार १९३१ साली निजामाच्या थोरल्या मुलाला दिली होती. तिच्या नावाचं इस्पितळ पुरानी हवेलीजवळ आहे. पण आमच्या अंगणातल्या खलिफांचा दरारा तिच्या वडिलांपेक्षा जास्त होता.

धोकटी उघडली की आधी वास यायचा, तेलाचा, चामड्याचा आणि ओल्या तुरटीचा. आत वस्तरा, दोन कात्र्या, नखं काढायची नराणी, चिमटा, पितळेची वाटी, शिंगाचा कंगवा आणि वस्तरा पाजळायचा चामड्याचा पट्टा. आम्ही पाटावर मांडी घालून बसायचं. पाटाखाली जुनं वर्तमानपत्र. वाटीतलं गार पाणी डोक्यावर घालून खलिफा बोटांनी इतका वेळ चोळत, की डोळे मिटायला लागावेत. केस पाण्यानं मऊ होतो आणि मग ओढत नाही, हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या बोटांत होतं. मग एकदम हनुवटी धरून मान खाली. दोन्ही गुडघ्यांत आमचं डोकं. "मुंडी नीचे. हिलो नक्को बाबू."

'नक्को' हा आपला 'नको' आहे. दख्खनी बोलीनं तो आपल्याकडून घेतला आणि वजनासाठी एक 'क' जास्त घातला. अंगणात केस कापायचा तास म्हणजे चार भाषांचा वर्ग असायचा. खलिफा रंगात आले की तेलुगूत "कदलकु" म्हणत, म्हणजे हलू नकोस. शेजारच्या काकू आपल्या मुलावर दारातूनच "अल्लाडबेड" असं ओरडत, म्हणजे तेच. आई "हलू नकोस" म्हणायची. एवढ्या भाषांतून हलायची बंदी झाल्यावर मूल हलल्याशिवाय कसं राहील? त्यात केसाला कन्नडमध्ये 'कूदलु' म्हणतात. 'कूदलु' आणि 'कदलकु' या दोन शब्दांत मी इतका गोंधळ घातला, की एकदा शेजारच्या काकूंना "तुमचे कदलकु फार लांब आहेत" असं सांगून आलो. त्या अजून भेटल्या तर तेच वाक्य मला ऐकवतात.

कन्नड विभागाचे वाचकही हा अंक चाळतील, म्हणून एक गोष्ट इथं घुसडतो. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांच्या अगदी निकट राहणारे हडपद अप्पण्णा नावाचे वचनकार होऊन गेले. हडप म्हणजे विडेपानाची पिशवी. पुढे केस कापणाऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीलाही तोच शब्द लागला, आणि उत्तर कर्नाटकातले हडपद लोक अप्पण्णांना आपला मूळपुरुष मानतात. आपल्याकडे संत सेना महाराजांनी आपल्या धंद्याची हत्यारं अभंगात नेऊन ठेवली. एकीकडे हडप, दुसरीकडे धोकटी. दोन्ही भाषांनी या पिशवीला देवळापर्यंत नेलं, पण आमच्या ओसरीची पायरी काही तिला चढता आली नाही. खलिफांना चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपातून, आणि तो कप अंगणातल्या कोनाड्यातच राहायचा. केस कापलेल्या मुलानं अंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. ज्याच्या गुडघ्यांत तासभर डोकं दिलं, त्याचा कप घरात येत नव्हता. तेव्हा मला यात काही खटकलं नाही, हे कबूल केलेलं बरं.

आमच्या घरी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आत्या असायची. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. तेराव्या वर्षी लग्न आणि पंधराव्या वर्षी वैधव्य. परभणीकडच्या सासरहून भावाकडे, भाऊ गेल्यावर भाच्याकडे, असा तिचा प्रवास. लाल आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि त्या पदराखाली काय आहे हे घरात कुणी बोलायचं नाही. खलिफा आमच्यासाठी पुढच्या दारानं येत. तिच्यासाठी ते मागच्या दारानं येत, दिवस उजाडायच्या आत. त्या पहाटे आई परसदारी तांब्याभर पाणी आणि पाट ठेवायची, आणि आम्हाला पांघरुणातून बाहेर यायची मनाई असायची. पट्ट्यावर वस्तरा फिरल्याचा आवाज मात्र यायचा. खलिफा तेव्हा "हिलो नक्को" म्हणत नसत. म्हणायची गरज नसावी.

१९६२ साली मला विषमज्वर झाला. एकवीस दिवसांचा ताप. आईनं बालाजीला नवस केला, आणि पुढच्या वर्षी आम्ही सगळे तिरुपतीला गेलो. कल्याणकट्ट्यावर ओळीनं बसलेली माणसं, खाली केसांचे ढीग आणि वरून पाण्याचे तांबे. माझे केस त्या ढिगात पडले. ते केस देवस्थान लिलावानं विकतं आणि त्यांचे विग होऊन ते परदेशांतही जातात, हे फार पुढे कळलं. जगात कुणाच्या तरी डोक्यावर काही दिवस माझे केस फिरले असतील, या कल्पनेनं मला आजही बरं वाटतं.

घरी परत आलो. आत्याआजी ओसरीत जपमाळ घेऊन बसली होती. तिनं मला जवळ ओढलं, माझ्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला, इकडे-तिकडे बघितलं, आणि कधी नव्हे तो पदर थोडा मागे सारून म्हणाली, "आता आपण दोघं सारखी झालो रे."

मी तिच्या डोक्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, तुझा कसला नवस होता?"

तिनं उत्तर दिलं नाही. आईनं मला हाताला धरून आत नेलं. मारलं नाही. मला वाटलं होतं, मारेल.

पुढे मी मराठी शिकवू लागलो. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणेच्या चळवळी अभ्यासक्रमात असायच्या. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून, विधवांचं केशवपन आपण करणार नाही असा निर्धार केला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. सुधारकांनी निबंध लिहिले, भाषणं केली, ते आपल्या जागी मोठंच. पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही गोष्ट मला फार आवडायची आणि मी ती रंगवून सांगायचो. वर्गात शांतता पसरायची. १८९० आणि आमचं परसदार यांत सत्तरपेक्षा जास्त वर्षांचं अंतर होतं. तरीही शिकवताना मी परसदारचा तांब्या कधी वर्गात नेला नाही. माझ्या आजीचं उदाहरण मी एकदाही दिलं नाही. का, ते आता विचारतो आहे.

असो. १९६४ च्या सुमारास खलिफांचे हात कापू लागले. त्यांच्या मुलानं जवळच्या चौकात खुर्ची-आरशाचं सलून थाटलं आणि घरोघर जाणं आमच्यात बंद, असं सांगून टाकलं. त्याचं बरोबरच होतं. पाठोपाठ एका गुरुवारी अण्णा ऑफिसातून परस्पर जुम्मेरात बाजारला गेले. जुन्या वस्तूंचा तो बाजार. तिथं सुईपासून पलंगापर्यंत सगळं मिळतं, आणि आपलंच चोरीला गेलेलंही मिळतं असं म्हणतात. तिथून त्यांनी केस कापायचं हाताचं मशीन आणलं. दोन दांड्या, पुढे दातेरी पात्यांची जोडी, दाबलं की कटकट असा आवाज. अण्णा सरकारी ऑफिसात कारकून. दोन मुलं, म्हातारी आत्या, गावाकडे पाठवायची मनिऑर्डर. सलूनचे पैसे वाचतील, हा हिशेब आम्हाला न सांगताही कळला.

पहिला प्रयोग दादावर झाला. अण्णांनी मशीन मानेजवळ लावलं, वर नेलं, आणि पूर्ण दाबण्याआधीच उचललं. मशीनच्या दात्यांत अडकलेले केस मुळासकट वर गेले. दादाची किंकाळी शेजारच्या कन्नड काकूंनी ऐकली आणि त्या "अय्यो देवरे" करत धावत आल्या. त्यानंतर माझी पाळी. अर्ध्या तासानं आम्ही दोघे अंगणात उभे राहिलो, तेव्हा आमची डोकी उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. समोर अण्णांनी कसंबसं सावरून घेतलं होतं, पण मागे चांगल्या चार-चार पायऱ्या. वर्गात माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा त्या बोटानं मोजायचा आणि म्हणायचा, "चारमिनार चढतोय."

अण्णांनी हार मानली नाही. दर पंधरा दिवसांनी ते आमच्या मागे लागत. डोक्यावर केसच नसले तरी, "बस, जरा बघू दे," म्हणत. इतक्या वेळा कापायची गरज काय, हे आम्हाला कळायचं नाही. "न्हावी दिसला की नखं वाढतात" अशी म्हण आहे. आमच्या घरी न्हाव्याला आमची डोकी दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. शेजारच्या मुलांचीही ते फुकट कापून देत. सहा-सात महिन्यांत त्यांचा हात बसला. मशीन पूर्ण दाबायचं, पूर्ण सोडायचं, मगच पुढे सरकवायचं. खाली कंगवा धरून हवे तेवढे केस लांब ठेवायचीही युक्ती त्यांनी साधली. मग मात्र त्यांनी दर पंधरवड्याचा त्रास बंद केला. महिन्यातून एकदा, तेही आम्ही मागितलं तर.

कॉलेजात गेल्यावर अर्थातच मी मागितलं नाही. राजेश खन्ना होता, पाठोपाठ बच्चन आला आणि कान झाकले गेले. १९७२ साली पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी सलूनमध्ये बसलो. फिरती खुर्ची, पुढे आरसा, मागे आरसा, त्यात माझ्या डोक्याच्या अनंत प्रती, आणि रेडिओवर विविध भारती. मानेवर पावडरचा फुलोरा झाला तेव्हा माणसात आल्यासारखं वाटलं. घरी आलो तर अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मागचे बरे कापलेत." एवढंच. मला तेव्हा ते टोमणा मारत आहेत असं वाटलं.

मशीन बिस्किटांच्या डब्यात गेलं आणि डबा माळ्यावर. पुढची पन्नास वर्षं मी केसांबद्दल काही विचार केला नाही. बहुतेक पुरुष करत नाहीत, जाऊ लागल्यावर करतात.

एप्रिल २०२० मध्ये अण्णा गेले. करोनानं नव्हे, वयानं, नव्वदीचे होते. पण टाळेबंदी सुरू होती, २५ मार्चपासून देश बंद. पुण्याला दादा आणि इथं मी, मध्ये रिकामे रस्ते आणि प्रत्येक सीमेवर पोलीस. थोरल्यानं अग्नी द्यायचा, तो धाकट्यानं दिला. अंबरपेठच्या स्मशानात आम्ही सात जण होतो. तोंडावर फडकी, एकमेकांपासून लांब लांब. खांदा बदलायलाही माणसं मोजून.

दहाव्याला क्षौर करायचं असतं. गुरुजी फोनवर सांगत होते. सलूनं बंद, घरी यायला कुणी तयार नाही, आणि कुणाला बोलवावं असे ते दिवसही नव्हते. गुरुजी भले माणूस. म्हणाले, "आपत्काल आहे. चार केस कापून टाका, शास्त्राला पुरे." आईही तेच म्हणाली. माझा क्षौरावर विश्वास आहे का, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण चार केस कापून सुटायचं, हे काही त्या दिवशी मनाला येईना. शेवटचा नमस्कार मोकळ्यानं करता आला नव्हता. काहीतरी पूर्ण करावं, एवढंच वाटत होतं.

माळ्यावरचा डबा काढला. मशीन गंजून बंद झालं होतं. शिलाई मशीनचं तेल घालून तासभर हलवत बसलो, तेव्हा कटकट सुरू झाली. मोरीत पाटावर बसलो, आरसा नळाला टेकवून. आधी कात्रीनं मोठे केस उतरवले, मग मशीन. खिडकीत मोबाईल उभा केला होता. त्यात पुण्याच्या मोरीत बसलेला दादा. तोही मुलाच्या विजेच्या मशीननं डोकं करत होता. सदुसष्ट आणि पासष्ट वर्षांचे दोघे भाऊ दोन मोऱ्यांत उघडेबंब बसून एकमेकांचं डोकं बघत होतो. माझ्या मशीननं कानामागचा एक पुंजका ओढला आणि मी ओरडलो. तिकडून दादा म्हणाला, "पूर्ण दाब, पूर्ण सोड, मग सरकव." आणि मग थोड्या वेळानं, "मागचे कोण काढतंय तुझे?"

कुणी काढत नव्हतं. मी चाचपडत होतो. हाताला लागेल तिथं मशीन लावत होतो.

आई दारात येऊन उभी होती. ती किती वेळ तिथं होती, मला कळलं नाही. दहा दिवसांत ती फारशी बोलली नव्हती. माझ्या हातातल्या मशीनकडे बघत म्हणाली, "हे तुमच्यासाठी नव्हतं आणलं ह्यांनी."

मी वळून बघितलं.

"आत्याबाईंसाठी आणलं. खलिफा यायचे बंद झाले. त्याचा मुलगा म्हणाला, ते काम तर मी मुळीच करणार नाही. आत्याबाई रडायला लागल्या. लोक काय म्हणतील, मला देवाचं पाणी भरता येणार नाही, म्हणून. ह्यांनी बाजारातून हे आणलं. वस्तरा नको, म्हणाले, वस्तरा माझ्यानं धरवणार नाही. पण ओढलं गेलं तर आत्याला लागेल. म्हणून आधी तुमच्यावर शिकले."

ती एकदम इतकं बोलून थांबली. मोबाईलमधला दादाही थांबला होता.

मग हळूहळू बाकीचं सांगितलं. महिन्यातून एका रात्री, आम्ही झोपल्यावर, मागची खोली बंद करून. आई कंदील धरायची. अण्णा मशीनखाली कंगवा धरत. पहिल्यांदा अगदी बारीक, पुढच्या वेळी कणभर लांब, मग आणखी कणभर. आत्याआजीला कळत असणार, डोकं तिचंच होतं. पण ती काही बोलली नाही आणि अण्णाही बोलले नाहीत. पदर असायचाच, बाहेर कुणाला दिसायचं काही कारण नव्हतं. "शेवटच्या वर्षी बोटभर झाले होते," आई म्हणाली. "पांढरेशुभ्र. मी तेल लावायचे. आधी नको म्हणायच्या, मग डोकं पुढे करायच्या."

१९६८ साली आत्याआजी गेली, तेव्हा तिच्या डोक्याला केस दिसले होते हे मला आठवतं. मी तेव्हा तेरा वर्षांचा. मला वाटलं, आजारपणात करायचं राहून गेलं असेल.

आईनं पदर खोचला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पाच-सहा दिवस धड जेवलेली नाही. माझ्या हातातलं मशीन तिनं काढून घेतलं, दोन्ही हातांनी धरलं.

"तिकडे वळ," म्हणाली. "मागचे राहिलेत. हलू नकोस."

मे महिन्याच्या उत्तरार्धात सलूनं उघडली. माझे केस तेव्हा जेमतेम बोटाच्या पेराएवढे होते, म्हणून गेलो नाही. पुढे वाढले तरी गेलो नाही. चौकातल्या सलूनमध्ये आता खलिफांचा नातू बसतो; तो रस्त्यात दिसला की हसून डोक्याकडे बोट दाखवतो आणि मी हसून पुढे जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी पुढचे कापतो, कल्ले कापतो, आणि मग आईपुढे पाट मांडून बसतो. हाताचं मशीन आता तिच्यानं दाबवत नाही, म्हणून कात्री. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तेव्हा दिसायची अडचण नाही. "हलू नकोस" असं ती दर वेळी म्हणते. मी हलत नाही. हलतो तो तिचा हात, आणि पायऱ्या पडतात त्या त्यामुळे. तो विद्यार्थी पुन्हा कोठीला भेटला तर त्याला एवढं सांगायचं आहे.